बारा नखांवर चालणारी मालगाडी

लोणंद सोडलं की मिरजेच्या दिशेला सालपे लागतं, मग आदर्की, मग वाठार. नकाशात हे अंतर करंगळीएवढंही नाही. पण तेवढ्यात गाडीला नीरेचं खोरं खाली सोडून डोंगर चढावा लागतो. एक्सप्रेसमधून जाणाऱ्याला खिडकीतून बोगदे दिसतात, वळणं दिसतात, आणि पूर्वी मध्येच एखादी मालगाडी लूप लाइनला, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, धूर सोडत उभी दिसायची. तशा मालगाड्यांच्या इंजिनांत मी आयुष्यातली बरीच वर्षं काढली. आधी डिझेल असिस्टंट म्हणून, मग ड्रायव्हर म्हणून. पुढे पदाचं नाव लोको पायलट झालं, पण गावाकडे मला अजूनही ड्रायव्हरच म्हणतात.

घरी पाहुणे आले की एक प्रश्न हमखास निघायचा. तीन हजार हॉर्सपॉवरचं इंजिन, मग चढावर इतकं रडत का जातं? प्रश्न अगदी रास्त आहे. त्याच्या उत्तरात डिझेल इंजिनाचं सगळं गुपित आहे, म्हणून सावकाश सांगतो.

आमच्याकडे मालगाडीला बहुतेक वेळा असायचं ते डब्ल्यूडीजी-३ए. हे नाव वाचायला सोपं आहे. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी म्हणजे डिझेल, जी म्हणजे गुड्स, मालगाडीचं. तीन म्हणजे तीन हजार हॉर्सपॉवर आणि ‘ए’ म्हणजे वर आणखी शंभर. एकूण ३१००. हे इंजिन १९९५ पासून वाराणसीच्या कारखान्यात बनायला लागलं, पण त्याचं घराणं जुनं. मूळ आराखडा अमेरिकेतल्या ‘अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनी’चा, म्हणजे आल्कोचा. त्या आराखड्याची पहिली इंजिनं आपल्याकडे १९६२ मध्ये उतरली, आणि १९६४ पासून वाराणसीत ती बनू लागली. खुद्द आल्कोने १९६९ मध्ये इंजिनं बनवणं बंद केलं. वाराणसीत मात्र त्याच आराखड्यात सुधारणा करत करत पुढची कित्येक दशकं इंजिनं बाहेर पडत राहिली. २६०० हॉर्सपॉवरचं डब्ल्यूडीएम-२ हे यातलं थोरलं भावंड. तुमच्या लहानपणी ज्या डिझेल इंजिनाला तुम्ही हात केला असेल ते बहुधा तेच. आम्ही सगळ्यांना सरसकट आल्कोच म्हणायचो.

आल्को उभं असताना जो आवाज करतं तो ज्याने ऐकला तो विसरत नाही. विहिरीवरच्या जुन्या किर्लोस्कर इंजिनाची ठेक्यातली धडधड आठवा. तिला सोळा सिलिंडर लावा, आणि ठेका मध्येच किंचित अडखळतोय असं समजा. याच लाइनवर किर्लोस्करवाडी स्टेशन लागतं. तिथे लूपमध्ये उभं राहिलं की मला दर वेळी ही तुलना आठवायची.

आतली क्रिया शेतातल्या इंजिनासारखीच. सिलिंडरमध्ये हवा इतकी दाबायची की ती प्रचंड तापावी, मग तिच्यावर डिझेलचा बारीक फवारा मारायचा. ठिणगीची गरज नाही, डिझेल आपोआप पेटतं आणि दट्ट्या खाली ढकलला जातो. फरक आकाराचा. एकेका सिलिंडरचं तोंड साधारण २३ सेंटिमीटर रुंद, म्हणजे घरातल्या मध्यम पातेल्याएवढं. अशी सोळा पातेली आठ-आठच्या दोन रांगांत, इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी तिरकी बसवलेली. पूर्ण जोरात इंजिन मिनिटाला हजाराच्या आसपास फेरे घेतं, तेव्हा सेकंदाला सव्वाशेच्या वर स्फोट होत असतात. कॅबच्या, म्हणजे ड्रायव्हरच्या खोलीच्या, पत्र्याला हात लावला तर तो हात कोपरापर्यंत झिणझिणतो.

आता मुख्य गोष्ट. हे एवढं मोठं इंजिन चाकं फिरवतच नाही.

एसटीचं इंजिन गिअरबॉक्समधून चाकाला जोडलेलं असतं. घाटात गाडी उभी राहिली तर ड्रायव्हर हाफ क्लचवर तिला उचलतो, आणि जास्त वेळ तसं केलं तर क्लच जळल्याचा वास येतो. बसचं वजन पंधरा-सोळा टन, तरी ही गत. आता खताच्या पोत्यांनी भरलेले ४२ बंद वाघिणींचे डबे घ्या. एकेक डबा भरल्यावर ८१ टनांचा. सगळे मिळून तीन हजार चारशे टन. हे वजन जागेवरून उचलेल असा क्लच कोणी बनवू शकलेलं नाही. डिझेल इंजिनाची आणखी एक अडचण अशी, की ते उभ्या गाडीला जोर लावू शकत नाही. त्याला आधी स्वतः फिरत राहावं लागतं, थांबलं की बंद पडलं.

म्हणून मध्ये वीज आणली. इंजिनाच्या दांड्याला थेट एक अल्टरनेटर जोडलेला असतो. इंजिनाने फिरायचं आणि अल्टरनेटरने वीज तयार करायची. ती वीज केबलमधून खाली बोगीत, म्हणजे इंजिनाखालच्या चाकांच्या सांगाड्यात जाते. तिथे सहा आसांवर सहा मोटरी बसवलेल्या असतात, प्रत्येक आसाला आपली आपली. त्या मोटरी चाकं फिरवतात. म्हणजे डिझेल इंजिन म्हणून आपण जे पाहतो ते खरं तर रुळांवर धावणारं वीजघर आहे. विजेच्या इंजिनाला वीज वरच्या तारेतून मिळते, हे आपली वीज पोटात तयार करून चालतं.

मोटर निवडली तीही अशी, की जागेवर असताना ती सगळ्यात जास्त जोर लावते. उभ्या मोटरीत वीज शिरते तेव्हा तिला अडवणारं फारसं काही नसतं, भरपूर करंट जातो आणि भरपूर ओढ मिळते. मोटर फिरायला लागली की ती स्वतःही थोडी वीज उलट्या दिशेने तयार करू लागते. ही उलटी वीज येणाऱ्या करंटला अडवते. जितका वेग जास्त, तितका अडथळा जास्त, तितका करंट कमी. त्यामुळे गाडी उचलताना जोर आणि पळताना वेग, हे गिअर न बदलता जमतं. उलट्या विजेची ही गोष्ट लक्षात ठेवा, उतारावर ती पुन्हा लागणार आहे.

कॅबमध्ये ड्रायव्हरच्या हातात थ्रॉटल असतो. त्याला आठ नॉच, म्हणजे आठ खाचा. रेस दिल्यावर मोटारसायकल जशी उडी मारते तसं इथे होत नाही. पहिला नॉच दिला की आधी मागे कुठेतरी कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेचे मोठे स्विच, ‘खट्’ करून बसतात, अँपिअरचा काटा थरथरत उठतो, आणि मग एक क्षण काहीच घडत नाही. मग पायाखालची प्लेट किंचित सरकल्यासारखी वाटते. आपण हललो हे डोळ्यांच्या आधी तळपायाला कळतं.

नॉच वाढवला की काळा धूर येतो, तो का तेही सांगतो, कारण लोकांना वाटतं इंजिन बिघडलंय. सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबायला टर्बो असतो, आणि टर्बो फिरतो तो इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर. नॉच वाढवला की डिझेल लगेच वाढतं, पण टर्बोला वेग घ्यायला थोडा वेळ लागतो. तेवढा वेळ डिझेल जास्त आणि हवा कमी. अर्धवट जळलेल्या डिझेलचा तो धूर. टर्बोची शिट्टी चढली की धूर विरतो. चांगला ड्रायव्हर टर्बोच्या शिट्टीकडे कान देऊन पुढचा नॉच देतो. त्याच्या गाडीचा धूर थोडा असतो आणि डिझेलही वाचतं.

आता त्या रडत जाण्याकडे येऊ.

रेल्वेचं चाक पोलादाचं, रूळही पोलादाचा. दोन्ही कडक, दोन्ही गुळगुळीत. चाक रुळाला जिथे टेकतं ती जागा हाताच्या अंगठ्याच्या नखाएवढी असते. इंजिनाला सहा आस, म्हणजे बारा चाकं, म्हणजे बारा नखं. १२३ टनांचं इंजिन या बारा नखांवर उभं असतं, आणि मागचा सगळा लोड ओढायचा तो याच बारा नखांनी रूळ धरून. टायर डांबराला चावतो तसा पोलाद पोलादाला चावत नाही. ट्रकला जेवढं डिझेल लागतं त्याच्या कितीतरी कमी डिझेलात रेल्वे तेवढाच माल नेते त्याचं कारण हेच, घर्षण कमी. आणि चढावर रेल्वेचा घात होतो त्याचंही कारण हेच.

हिशेब करून पाहा. अवघड काही नाही. शंभर मीटर गेल्यावर एक मीटर उंची वाढते असा चढ धरा. रस्त्यावर हा चढ तुम्हाला जाणवणारही नाही, सायकल न उतरता जाल. अशा चढावर गाडीच्या वजनाचा शंभरावा हिस्सा तिला मागे खेचत असतो. तीन हजार चारशे टनांचा शंभरावा हिस्सा ३४ टन. सपाटीवरही चाकांचा आणि बेअरिंगचा म्हणून टनामागे दोन-अडीच किलोचा अडथळा असतोच, ते आणखी सात-आठ टन. झाले एकेचाळीस-बेचाळीस. या इंजिनाची जागेवरून उचलतानाची कमाल ओढ साधारण ३८ टन. म्हणजे हॉर्सपॉवर असूनसुद्धा एका इंजिनाला ही गाडी हलत नाही. जोर कमी पडत नाही, पकड कमी पडते. आणखी मोठं इंजिन आणलं आणि त्याचं वजन तेवढंच ठेवलं, तर चाकं फक्त जागेवर गरगरतील.

म्हणून दोन इंजिनं जोडतात. आम्ही त्याला मल्टिपल म्हणतो. मधे केबल जोडली की पुढच्या कॅबमधून दोन्ही एकदम चालतात. आता नखं झाली चोवीस. पकडीचा प्रश्न सुटला, मग हॉर्सपॉवरचा हिशेब सुरू होतो. बेचाळीस टन, अधिक दोन इंजिनांचं स्वतःचं वजन, हे सगळं ६२०० हॉर्सपॉवरने ओढायचं. वीज तयार करताना आणि वापरताना काही भाग उष्णतेत जातो. उरलेल्यात अशा चढावर गाडीचा वेग भरतो ताशी तीस किलोमीटरच्या आसपास. पाहुण्यांच्या प्रश्नाचं उत्तर हे. रडत वगैरे काही नाही, ६२०० घोडे आपलं सगळं देत असतात.

पकड म्हणजे काय हे मी हिशेबातून शिकलो नाही. चुकीतून शिकलो.

नवीनच ड्रायव्हर झालो होतो, पहिला पावसाळा. मागे खताचा भरलेला रेक, म्हणजे डब्यांची अख्खी माळ, पुढे चढ, आणि सिग्नल लाल मिळाला. थांबलो. पाऊस कोसळत असेल तर एक वेळ बरं असतं, रूळ धुऊन निघतात. त्या दिवशी नुसती भुरभुर होती. भुरभुरीत रुळावरची धूळ, तेल, गंज यांचा लगदा होतो, साबण लावल्यासारखा. सिग्नल मिळाला आणि मी घाई केली. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा नॉच पटापट दिला. अँपिअरचा काटा वर चढला, गाडी वीतभर हलली असेल नसेल, आणि खालून असा आवाज आला की असिस्टंटने दचकून माझ्याकडे पाहिलं. चाकं फिरत होती, गाडी उभी. व्हील स्लिपचा दिवा लागला, यंत्रणेने आपोआप पॉवर कमी केली. पॉवर कमी झाल्याबरोबर मागच्या बेचाळीस डब्यांनी गाडी मागे ओढायला सुरुवात केली. ब्रेक मारून तिला जागेवर धरलं. असं तीन वेळा झालं. चौथ्यांदा प्रयत्न करायची हिंमत झाली नाही. मागून ढकलायला इंजिन मागवावं लागलं. तोपर्यंत लाइन अडलेली, मागे एक पॅसेंजर ताटकळलेली, आणि वॉकी-टॉकीवर दर पाच मिनिटांनी चौकशी.

दुसऱ्या दिवशी ट्रॅकमननी दाखवलं. रुळाच्या माथ्यावर चमच्याने खरवडल्यासारखे खड्डे पडले होते, प्रत्येक चाकाच्या जागी एक. चाक एका जागी फिरलं की तिथला पोलाद इतका तापतो की झिजून निघतो, आणि तिथून पुढे रूळ चिरायची भीती. माझ्या दोन मिनिटांच्या घाईपायी त्या माणसांना भर पावसात ते दुरुस्त करावं लागलं. ते मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

ज्यांच्या हाताखाली मी असिस्टंट म्हणून शिकलो त्या अण्णांना मी हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “वाळू कधी टाकलीस?”

“चाकं फिरल्यावर.”

“फिरल्यावर टाकून काय उपयोग? चाक उभं असताना टाकायची. आणि दुसऱ्या नॉचला हात थांबव. आधी गाडीला हलू दे, मग माग.”

प्रत्येक इंजिनात कोरडी, चाळलेली वाळू भरलेल्या पेट्या असतात. पायाखालचं पेडल दाबलं की हवेच्या दाबाने वाळू नळीतून बरोबर चाकाच्या पुढे रुळावर पडते. तीन हजार हॉर्सपॉवरच्या यंत्राला शेवटी मूठभर वाळूचा आधार लागतो, ही गोष्ट मला आजही फार मोलाची वाटते. शेडमधून इंजिन घेताना मी आधी डिझेल पाहायचो नाही, आधी वाळू पाहायचो. हात घालून. ओलसर लागली तर नळी चोंदणार, मग घाटात पेडल दाबून काही पडणार नाही.

चढावर आणखी एका गोष्टीवर नजर ठेवावी लागते. वेग कमी झाला की मोटरीतली उलटी वीज कमी होते, करंट वाढतो, मोटर तापते. गाडी फार वेळ फार हळू चालली तर मोटरीच्या आतली वायरिंग जळू शकते. म्हणून अँपिअरमीटरवर मर्यादा आखलेली असते. अमुक करंट इतकीच मिनिटं, त्याहून जास्त आणखी कमी मिनिटं. चढावर आमचे डोळे एकदा रुळावर, एकदा काट्यावर असतात. वर पोचेपर्यंत मिनिटं पुरतील का, हाच हिशेब डोक्यात.

वर पोचलो म्हणजे सुटलो असंही नाही. मालगाडीची खरी परीक्षा माथ्यावर असते. गाडी साडेसहाशे मीटर लांब. इंजिन माथा ओलांडून उताराला लागतं तेव्हा मागचा अर्धा रेक अजून चढावर असतो. पुढचा भाग पुढे पळायला बघतो, मागचा मागे ओढतो, आणि हा सगळा ताण मधल्या एखाद्या कपलिंगवर येतो. दोन डब्यांमधल्या जोडणीत थोडी ढिलाई असते. एका जोडणीची ढिलाई बोटांवर मोजण्याइतकी, पण बेचाळीस डब्यांची मिळून काही मीटर होते. ही ढिलाई एकदम ताणली गेली तर शेवटच्या ब्रेकव्हॅनमध्ये बसलेला गार्ड बाकावरून खाली पडतो. कपलिंग तुटायची वेळही येते. म्हणून माथ्यावर नॉच एकेक करून, श्वास सोडावा तसा कमी करायचा. चांगल्या ड्रायव्हरची ओळख गार्डला विचारावी. ज्याच्या गाडीत गार्डाचा चहा सांडत नाही तो चांगला.

मग उतार. पुण्याहून येताना शिंदवणे-आंबळे घाट चढून राजेवाडीला आलं की पुढे जेजुरी, वाल्हे करत नीरेपर्यंत उतरतच जायचं. आषाढात इथे माउलींची पालखी असते. रूळ आणि पालखीमार्ग कुठे जवळ येतात, कुठे लांब जातात. जवळ आले की आम्ही हॉर्न अगदी हलका, लांबवून द्यायचो. वारकरी हात वर करायचे. अण्णा अशा वेळी टोपी काढून मांडीवर ठेवायचे, हात थ्रॉटलवर तसाच.

उतारावर ब्रेकच्या जोरावर गाडी धरून ठेवता येत नाही. ब्रेकचे ब्लॉक चाकावर घासत राहिले तर तापतात, धूर येतो, चाक तडकू शकतं. इथे ती उलटी वीज कामाला येते. ड्रायव्हर हँडल फिरवून मोटरींची जोडणी बदलतो. आता मोटरी चाकांना फिरवत नाहीत, चाकंच मोटरींना फिरवतात, आणि मोटरी जनरेटर होतात. वीज तयार करायला जोर लागतो. तो जोर गाडीच्या वेगातून जातो, आणि गाडी आपोआप आवरली जाते. ही वीज इंजिनाच्या आतल्या रोधक जाळ्यांमध्ये पाठवून उष्णता करून टाकतात. जाळ्या लाल होऊ नयेत म्हणून वर एक पंखा असतो, त्याचा वेग वीज वाढेल तसा वाढतो. घाट उतरणाऱ्या मालगाडीतून भोंगा रडावा तसा लांबलचक आवाज तुम्ही ऐकला असेल, तर तो हाच पंखा. चढताना डिझेल जाळून जी उंची कमावली तिची उतरताना अशी गरम हवा होते. विजेच्या नव्या इंजिनांत हीच वीज तारेत परत जाते. त्या बाबतीत ती नक्कीच शहाणी.

हवेच्या ब्रेकबद्दल थोडं सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत एक नळी जाते. तिच्यात पाच किलो दाबाची हवा भरलेली असते. लोकांना वाटतं नळीत हवा भरली की ती ब्रेक दाबते. आहे उलटं. नळीत दाब पूर्ण असेल तर ब्रेक सुटलेले, दाब उतरला की प्रत्येक डब्याखालची टाकी आपली साठवलेली हवा वापरून ब्रेक लावते. त्यामुळे गाडी मधेच तुटली, नळी फाटली, तर दोन्ही तुकडे आपोआप थांबतात. १८७२ मध्ये जॉर्ज वेस्टिंगहाउसने ही युक्ती काढली, आणि आजही जगभरच्या मालगाड्या तिच्यावरच चालतात. यात एक मेख आहे. ब्रेक सोडल्यावर त्या सगळ्या टाक्या पुन्हा भरायला वेळ लागतो. भरायच्या आत पुन्हा ब्रेक मारला, पुन्हा सोडला, पुन्हा मारला, तर टाक्यांत हवाच उरत नाही. म्हणून उतारावर सारखा ब्रेक मारायचा आणि सोडायचा नसतो. आधी ठरवायचं, मग एकदाच मारायचा. भरलेल्या मालगाडीला थांबायला किलोमीटरभर लागू शकतो. रुळावर आडवी आलेली म्हैस आम्हाला दिसते ना, तेव्हा ब्रेक मारूनही हातात उरतो तो फक्त हॉर्न.

कॅब इंजिनाच्या एका टोकाला असते. लांब टोक पुढे ठेवून चालवायची वेळ आली की ड्रायव्हरला समोर दिसतो तो इंजिनाचाच लांबच लांब पत्रा. रूळ दिसतो फक्त आपल्या बाजूचा. डावं वळण आलं की उजवीकडच्या माणसाला सिग्नल दिसतच नाही. म्हणून दोघांनी सिग्नल मोठ्याने म्हणायचा. असिस्टंट म्हणणार, “होम, पिवळा.” होम म्हणजे स्टेशनात शिरण्याआधीचा सिग्नल. ड्रायव्हर हात दाखवून तेच परत म्हणणार. रात्री दोन वाजता, चौदाशे वेळा पाहिलेल्या सिग्नललाही. साठ सेकंद ड्रायव्हरने कशालाच हात लावला नाही तर दिवा लागतो, मग भोंगा वाजतो, आणि तरीही हालचाल झाली नाही तर इंजिन स्वतः ब्रेक लावतं. पण शेजारच्या माणसाच्या आवाजाइतकं जागं ठेवणारं दुसरं काही नाही.

रुळांच्या कडेला पिवळ्या पाटीवर ‘सी/फा’ लिहिलेलं पाहिलं असेल. सीटी, फाटक. ती पाटी आमच्यासाठी असते, फाटक येतंय, हॉर्न सुरू करा. फाटकातला गेटमन हिरवा झेंडा धरून उभा असतो, आणि तो आमच्याकडे पाहत नाही. तो पाहतो चाकांकडे. कुठे धूर, कुठे लोंबणारी साखळी, कुठे उघडं दार. गाडी गेल्यावर तो गार्डला झेंडा दाखवतो, सगळं ठीक. त्या एका माणसाच्या नजरेने किती अपघात टळले असतील याची नोंद कुठेच होत नाही.

एकेरी लाइनवर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून पूर्वी टोकन असायचं. आम्ही त्याला गोळा म्हणायचो. धातूचा खराखुरा गोळा, मुठीत मावेल असा. दोन शेजारच्या स्टेशनांवर एकेक यंत्र, आणि दोन्ही तारेने एकमेकांना बांधलेली. एकातून गोळा काढला की तो परत कुठल्यातरी यंत्रात पडेपर्यंत दोन्हीकडून दुसरा गोळा निघतच नाही. गोळा ज्याच्या हातात, लाइन त्याची. चामडी पिशवीला वेताचं मोठं कडं असायचं. स्टेशनातून न थांबता जाताना असिस्टंट दाराशी वाकून ते कडं हातात अडकवून घ्यायचा आणि आधीचा गोळा फेकायचा. पहिल्या वेळी माझ्या दंडावर काळंनिळं वळ उठलं होतं, पंधरा दिवस गेलं नाही. आता टोकनशिवायची यंत्रणा आली. कल्पना तीच राहिली, गोळा मात्र डोळ्यांना दिसत नाही.

या मार्गावर तारा आल्या. मध्य रेल्वेचं ब्रॉडगेज विद्युतीकरण २०२४ च्या फेब्रुवारीत पूर्ण झालं. मालगाडीपुढे विजेचं इंजिन लागतं, दुप्पट ताकदीचं, थंड कॅबचं, धूर न सोडणारं. चांगलंच झालं. उन्हाळ्यात आल्कोच्या कॅबमध्ये ज्याने दिवस काढला तो याला वाईट म्हणणार नाही. पण पकडीचा हिशेब बदललेला नाही. नव्या इंजिनाचीही नखं बाराच, रूळ तेच, भुरभूर तीच. आत बसलेला संगणक चाक निसटायच्या आत सावरतो एवढंच, आणि वाळूच्या पेट्या त्यालाही आहेत.

मिरजेत पोचल्यावर इंजिन गाडीपासून सोडवून बाजूला घ्यायचं. लगेच बंद करायचं नसतं. थोडा वेळ नुसतं धडधडू द्यायचं, म्हणजे तापलेला टर्बो तेलात हळूहळू निवतो. असिस्टंट खाली उतरून एकेका आसाच्या पेटीला हाताची पाठ लावून जायचा. तळहात नाही, पाठ, कारण भाजलं तर तळहाताने पुढचं काम करायचं असतं. मग अण्णा इंजिन बंद करायचे. धडधड थांबायची, पण टर्बो आपल्या वेगाने फिरत राहायचा, बारीक शिट्टी घालत. अण्णा घड्याळ काढून उभे राहायचे. दीड-दोन मिनिटं शिट्टी टिकली तर बेअरिंग चांगलं. लवकर थांबली तर वहीत लिहायचं, शेडवाल्यांनी पाहायला हवं. आम्ही दोघं जेवणाचे डबे हातात घेऊन, न बोलता, ती शिट्टी विरेपर्यंत तिथेच उभे असायचो. ती थांबली की अण्णा काटा पाहून म्हणायचे, “एक पन्नास. चल, जेवू.”